केळ्याचा वेग

मनोरमाबाई तिरोडकरांना आलेला अर्धांगाचा झटका सौम्य होता, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बोलणं शाबूत होतं, चालणं शाबूत होतं. स्मरणशक्ती तर इतकी शाबूत, की दवाखान्यातून घरी पाऊल टाकल्याबरोबर त्यांनी पोह्यांचा डबा रव्याच्या जागी कुणी ठेवला याची चौकशी सुरू केली. पुण्याहून धावत आलेला मुलगा परेश आपला जुना लॅपटॉप आईच्या करमणुकीसाठी ठेवून निश्चिंत मनाने परत गेला. नातेवाईक शहाळी ठेवून गेले. सुटकेची बातमी सगळीकडे पोचली. फक्त मनोरमाबाईंच्या उजव्या हाताला ती कुणी कळवली नव्हती. तो मांडीवर पडून असायचा, निवृत्तीला दोन महिने उरलेल्या कारकुनासारखा. हजर, पण कामाला हात न लावणारा.

त्यांचे यजमान दिनानाथराव यांना कारकुनांची सवय होती. चौतीस वर्षं ते एका महामंडळाच्या खरेदी विभागात होते. त्या काळात त्यांनी पंखे, टाचण्या, पाण्याच्या टाक्या आणि एकदा नजरचुकीने एक रोडरोलर, असं पुष्कळ काही नियमानुसार विकत घेतलं होतं. त्यातलं वापरलं काहीच नव्हतं. वापरणं हे दुसऱ्या विभागाचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांनी नायगावला चौदाव्या मजल्यावर घर घेतलं. तिथून खाडी दिसते असं बिल्डरने सांगितलं होतं, आणि आश्चर्य म्हणजे ती दिसत होती.

हाताच्या व्यायामासाठी ॲनिशा यायची. वसईची मुलगी, वय सत्तावीस, फिजिओथेरपीत हुशार आणि शिस्तीला कडक. सोमवार, बुधवार, शुक्रवार अकराच्या ठोक्याला तिची स्कूटर खाली लागायची. पहिल्याच दिवशी तिने दिनानाथरावांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं.

"अंकल, पहिले तीन महिने महत्त्वाचे. हात वापरला नाही तर मेंदू त्याला सोडून देतो. नंतर परत ओळख करून द्यायला फार त्रास. मी आठवड्यातून तीनदा येणार, पण खरं काम रोजचं. रोज अर्धा तास तरी."

त्या दिवसापासून दिनानाथराव भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला घाबरायला लागले.

ॲनिशाने दाबायला मऊ चेंडू दिला. मनोरमाबाईंनी तो दोनदा दाबला आणि परेशला मुलं झाली की उपयोगी पडेल म्हणून कपाटात ठेवून दिला. मग एका वाटीतून दुसऱ्या वाटीत राजम्याचे दाणे एकेक करून टाकायचे, असं ठरलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने अख्खी वाटी उपडी केली आणि राजमा भिजत घातला. संध्याकाळी उसळ उत्तम झाली. ॲनिशालाही डब्यात घालून दिली.

खरी गोष्ट अशी होती, की मनोरमाबाई वसईच्या कोर्टात एकतीस वर्षं टंकलेखिका होत्या. वकिलाचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत त्यांचं टाइप होऊन जायचं, आणि वाक्यात चूक असली तर वकिलाला न विचारता दुरुस्तही होऊन जायचं. अशा हाताला वाटीतले दाणे मोजायला लावणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने अपमान होता. त्यापेक्षा तो हात नसलेला बरा, असं त्या एकदा बोलून गेल्या. दिनानाथरावांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं, पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मग लॅपटॉपवरच्या गेमची कल्पना निघाली. रंगीत फुगे खालून वर जातात, वर पोचायच्या आत माऊसने त्यांना गाठून फोडायचं. ॲनिशा म्हणाली, बोटं, मनगट, कोपर, सगळ्यांना काम. पहिल्या दिवशी मनोरमाबाईंनी दोन फुगे फोडले आणि अठ्ठावन्न सुटले. प्रत्येक डावाच्या शेवटी एक हसरं अस्वल पडद्यावर येऊन त्यांना पुन्हा प्रयत्न करायला सांगायचं. दुसऱ्या दिवशी त्या अस्वलाला उद्देशून असं काही बोलल्या की ते कोर्टाच्या कुठल्याही कागदावर त्यांनी कधी येऊ दिलं नसतं. तिसऱ्या दिवशी लॅपटॉप मिटला.

चौथ्या दिवशी मात्र चमत्कार झाला. तीस फुगे. पाचव्या दिवशी एकेचाळीस. दिनानाथराव आकडे लिहून घ्यायला लागले, ॲनिशाला फोनवर कळवायला लागले. चार दिवस घरात सणासारखं वातावरण होतं. आठव्या दिवशी ते चहा घेऊन नेहमीच्या दाराऐवजी बाल्कनीच्या बाजूने आत आले, आणि त्यांना दिसलं की माऊस मनोरमाबाईंच्या डाव्या हातात आहे. उजवा हात पदराखाली झोपला होता.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"चहात साखर कमी आहे," मनोरमाबाई म्हणाल्या. कप अजून दिनानाथरावांच्याच हातात होता.

सात आठवडे संपले होते. ॲनिशाला सांगताना दिनानाथरावांची मान खाली होती, जणू लबाडी त्यांनीच केली होती. ती रागावली नाही. आँटींना हरणं जमत नाही एवढंच, असं म्हणाली. तयार गेम पोरांच्या वेगाने बनवलेले असतात, ते बदलताही येत नाहीत. मग सॅनिटायझर चोळता चोळता तिने सहज सुचवलं, की अंकल, तुम्हीच एक साधा गेम का नाही बनवत, त्यांच्या वेगाचा? हल्ली नवशिक्यांसाठी सोपी साधनं मिळतात. कोडिंग यायलाच पाहिजे असंही नाही. फक्त नीट निवडा.

बाकीचं दिनानाथरावांनी ऐकलंच नाही. 'साधनं' आणि 'निवडा' हे दोन शब्द कानावर पडताच त्यांचा कणा ताठ झाला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी त्यांच्या खात्याचं काम दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवी फाईल उघडली. विषय लिहिला: गृहोपयोगी संगणकीय खेळ तयार करण्याच्या साधनाची निवड. नियमाप्रमाणे तीन दरपत्रकं हवीत म्हणून वसईजवळच्या निर्मळ गावच्या कॅथरिन टीचरना फोन लावला. कॅथरिन टीचर शाळेत संगणक शिकवून निवृत्त झालेल्या, आता केळीची वाडी बघायच्या आणि रविवारी चर्चच्या हॉलमध्ये मुलांना गेम बनवायला शिकवायच्या. जमिनीच्या कुठल्याशा अर्जासाठी त्या एकदा कोर्टात गेल्या असताना मनोरमाबाईंनी त्यात सात चुका काढल्या होत्या. मैत्री तेव्हापासूनची.

टीचरनी तीन साधनांची नावं सांगितली. एक, स्क्रॅच, ज्यात रंगीत ठोकळे एकमेकांना चिकटवत जायचं. दुसरं, ज्यात अमुक झालं तर तमुक कर अशी यादी भरायची. तिसरं मोठं, ज्यात मोठ्या कंपन्यांसारखे गेम बनतात, पण कोड लिहायला शिकावं लागतं. दिनानाथरावांनी दर विचारले.

"तिन्ही फुकट आहेत, दिनानाथभाऊ."

 चौतीस वर्षं सर्वांत कमी दराच्या निविदेवर सही करणाऱ्या माणसाला तीन शून्यं समोर ठेवून कुणी निवड करायला सांगितली नव्हती. दर सारखे आले तर गुणवत्तेवर जायचं, अशी नियमात तरतूद होती. मात्र ती कुणी वापरल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. आता ती वापरायची वेळ आली होती.

तुलनात्मक तक्ता तयार व्हायला आठवडा लागला. सत्तावीस निकष निघाले. सावल्या पडतात का. पाऊस पाडता येतो का. एकाच वेळी शंभर खेळाडू खेळू शकतात का. भविष्यात विस्ताराला वाव आहे का. तिसऱ्या साधनाला शंभरपैकी एक्क्याण्णव गुण पडले. स्क्रॅच अडतीसवर अडलं. त्याच्या रकान्यांत 'नाही' लिहून लिहून दिनानाथरावांना त्याची दया आली आणि 'रंगसंगती' या निकषाखाली त्यांनी त्याला दोन गुण वाढवून दिले. तेव्हा ते चाळीस झालं. निकाल त्यांनी टीचरना वाचून दाखवला.

"वहिनींना शंभर खेळाडू कशाला लागतात?" टीचर म्हणाल्या. "एका नवऱ्यानेच पुरेवाट झालीय त्यांची."

पण निर्णय झाला होता. तक्त्यावर सही झाली होती. समितीचे अध्यक्ष, सदस्य आणि सचिव तिघेही दिनानाथरावच असल्यामुळे मतभेदाची नोंद नव्हती.

तिसरं साधन लॅपटॉपवर उतरलं तेव्हा लॅपटॉपचा पंखा असा घरघरायला लागला की मनोरमाबाईंनी आतून विचारलं, गिरणी सुरू केलीत का. पडदा उघडला तर विमानाच्या चालकापुढे असावीत इतकी बटणं. दिनानाथराव शिकवणीचे व्हिडिओ बघायला बसले. पहिला व्हिडिओ सव्वादोन तासांचा होता आणि त्याच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, की हा बघण्याआधी दुसरे चार बघून या. साधनाचा दोष काहीच नव्हता. ते जे देतो म्हणालं होतं ते सगळं देत होतं. रोडरोलरचाही तसा दोष नव्हता.

नऊ दिवसांनी एक राखाडी खोका तयार झाला. दिनानाथरावांनी गेम चालू केला. खोका हवेतून खाली आला, जमिनीवर टेकला, आणि तसाच जमिनीतून आरपार जाऊन दिसेनासा झाला. चौकशीअंती समजलं की जमिनीला 'तू टणक आहेस' हे वेगळं सांगावं लागतं. ही गोष्ट दिनानाथरावांच्या मनाला लागली.

दरम्यान मनोरमाबाई रोज विचारायच्या, झाला का गेम. सुरुवातीला चेष्टेने विचारायच्या, मग कुतूहलाने. मग विचारेनाशा झाल्या, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. चमचा त्या आता डाव्या हाताने धरायच्या, केस डाव्या हाताने विंचरायच्या, आणि ते त्यांना छान जमायला लागलं होतं. डावा हात जितका तरबेज होत गेला तितका उजवा निवांत. एका सकाळी दिनानाथरावांनी पाहिलं, की माशी उजव्या हातावर बसली तर त्यांनी ती डाव्या हाताने उडवली. सवयीने. उजवा हात म्हणजे जणू शेजारच्या खुर्चीचा.

नऊ आठवडे झाले होते. चार उरले होते. दिनानाथरावांनी फाईल काखेत मारली आणि रिक्षा करून निर्मळ गाठलं.

कॅथरिन टीचर वाडीत घडाखाली टेकू लावत होत्या. त्यांनी फाईल हातात घेतली, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, आणि शाळेतल्या मुलाची वही परत द्यावी तशी परत दिली.

"अक्षर सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "पण यात दोनच प्रश्न राहिलेत. बसल्यापासून दहा मिनिटांत पडद्यावर काहीतरी हललं का? आणि चूक झाली तर कुणाला न विचारता ती सुधारता आली का? नवशिक्याला एवढंच लागतं, भाऊ. बाकी सगळं नंतर."

हे निकष मोजायचे कसे, असं दिनानाथराव विचारणार होते. टीचरनी त्यांना ओटीवरच्या बाकावर बसवलं, लॅपटॉप पुढे केला आणि घड्याळ लावलं. पडद्यावर एक मांजर उभं होतं. डावीकडे रंगीत ठोकळे. पिवळा ठोकळा म्हणजे कधी सुरू करायचं, निळा म्हणजे कसं हलायचं, नारिंगी म्हणजे किती वेळा. दिनानाथरावांनी एक पिवळा ओढला, त्याच्या पोटाला एक निळा चिकटवला आणि हिरव्या झेंड्यावर टिचकी मारली. मांजर एक पाऊल सरकलं.

चार मिनिटं झाली होती.

दिनानाथरावांनी पुन्हा झेंडा दाबला. मांजर पुन्हा सरकलं. त्यांनी ते अकरा वेळा केलं, मांजर पडद्याच्या कडेला जाऊन अडकेपर्यंत. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादी गोष्ट मागवण्याऐवजी केली होती, आणि ती त्यांचं ऐकत होती. टीचर उठल्या. आत जाऊन सरबत घेऊन आल्या.

परतताना रिक्षात त्यांनी तक्त्याच्या खाली एक ओळ लिहिली: फेरविचारांती निर्णय बदलण्यात येत आहे. कारण लिहायच्या जागी लिहिलं, मांजर हललं.

पुढचे चार दिवस ते सकाळ-दुपार बसले. टीचर फोनवर होत्याच, पण त्यांची गरज कमी कमी पडत गेली. पडद्याच्या वरून केळी पडतात, खाली टोपली, माऊस हलवला की टोपली हलते. केळं टोपलीत पडलं की एक गुण. बस एवढाच गेम. शुक्रवारी सकाळी पावणेअकराला त्यांनी मनोरमाबाईंना टेबलाशी बसवलं, त्यांचा उजवा हात उचलून माऊसवर ठेवला आणि शेजारी पहाऱ्याला बसले. आज डाव्या हाताला संधी नव्हती.

झेंडा दाबला. केळं सुसाट खाली आलं आणि टोपली अर्ध्या वाटेवर असताना तळाला गेलं. दुसरं आलं, तेही गेलं. अकरा केळी आली, अकरा गेली. मनोरमाबाईंचा हात माऊसवरून घसरला आणि टेबलावर पडून राहिला.  पुन्हा फुगेच. पुन्हा तेच अस्वल, फक्त दिसत नव्हतं इतकंच.

"या केळ्याला एवढी घाई कसली आहे?" मनोरमाबाईंनी विचारलं.

दिनानाथरावांनी केळ्याचे ठोकळे उघडून दाखवले. हा बघ, याच्यात आकडा आहे. दर वेळी दहा घरं खाली.

"मग दहा का ठेवलात?"

"तिथे आधीपासून दहाच होते."

मनोरमाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. कोर्टात मसुदे घेऊन येणाऱ्या नवख्या वकिलांना ही नजर ठाऊक होती. त्या आणखी काही बोलणार, तेवढ्यात इंटरकॉम वाजला. गेटवरचा वॉचमन ॲनिशाला आत सोडत नव्हता. सोसायटीचा नवा नियम होता, पाहुण्यांच्या वाहनासाठी सभासदाने स्वतः खाली येऊन सही करायची. नाइलाजाने दिनानाथराव उठले. जाताना त्यांनी उजवा हात पुन्हा माऊसवर ठेवला, पण आशा ठेवली नाही. पाठ फिरली की काय होतं ते त्यांना आता माहीत होतं.

खाली रजिस्टर होतं, पेन नव्हतं. पेन सापडलं तर सेक्रेटरींची परवानगी आहे का, असा प्रश्न निघाला. सेक्रेटरी नायगाव स्टेशनजवळ कुठेतरी होते आणि फोन उचलत नव्हते. ॲनिशा स्कूटरवर बसून राहिली. एरवी दिनानाथरावांना अशी कार्यपद्धती मनापासून आवडली असती. आज मात्र त्यांनी रजिस्टरमध्ये सेक्रेटरींच्या जागी आपलीच सही ठोकली, आणि वॉचमनने ती वाचायच्या आत ॲनिशाला घेऊन लिफ्ट गाठली. या सगळ्यात चाळीस मिनिटं गेली होती.

दार उघडून ते आत आले आणि दोघंही उंबऱ्यातच थांबले.

मनोरमाबाई पडद्यावर वाकल्या होत्या. नाकावरून घसरणारा चष्मा त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता. माऊस उजव्या हातात होता. बोटं आखडलेली, कोपर टेबलावरून अधांतरी. एक निळा ठोकळा त्यांनी पकडला, ओढत नेला, मध्येच बोट सुटलं आणि ठोकळा भलतीकडे पडला. त्या तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. पुन्हा पकडला, ओढला, थरथरत जागेवर नेला. ठोकळा चिकटला. लगेच त्या पुढच्याकडे वळल्या.

दिनानाथराव पुढे व्हायला निघाले. ॲनिशाने त्यांचं मनगट धरलं आणि नुसती मान हलवली. मग आपल्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. आणखी बारा मिनिटं ती दोघं चोरांसारखी दारात उभी होती. त्या बारा मिनिटांत मनोरमाबाईंनी एकोणीस ठोकळे हलवले. दिनानाथराव मोजत होते. सहा पडले, तेरा लागले. हात एकदाही बदलला नाही. बदलायचं त्यांना सुचलंच नाही. समोर दुसऱ्याने केलेल्या चुका होत्या, आणि त्या दुरुस्त व्हायच्या होत्या. अशा वेळी कुठला हात चालतो हे बघायची सवय त्यांना एकतीस वर्षांत कधी लागली नव्हती.

"उभी आहात कशाला दोघं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "अहो, तुम्ही केळ्याला पडायला सांगितलंत, पण पडल्यावर काय करायचं ते सांगितलंच नाही. ते बिचारं तिथेच पडून राहतं. आणि टोपली पडद्याच्या बाहेर जाते. वेग मी दोन केला. आणखी एक गडबड आहे, ती सापडत नाहीये."

ॲनिशाने शेजारची खुर्ची ओढली आणि विचारलं, आँटी, गुण किती झाले.

"खेळलेय कुठे अजून," मनोरमाबाई म्हणाल्या, आणि तेव्हा प्रथम त्यांचं लक्ष आपल्या हाताकडे गेलं. माऊसवरचा हात त्यांनी उचलला, उलटापालटा करून बघितला. मनगट लाल झालं होतं. "दुखतोय मेला," त्या म्हणाल्या.

"दुखू दे," ॲनिशा म्हणाली. तिने आपली दोन बोटं त्यांच्या मुठीत दिली आणि दाबायला सांगितलं.  "बुधवारपर्यंत मला कळत पण नव्हतं दाबताय ते. आज कळतंय. थोडं, पण कळतंय." ती दिनानाथरावांकडे वळली. "अंकल, आँटी गेम खेळोत न खेळोत, मला काही फरक नाही पडत. रोज हे असं होऊ दे. मग मला काळजी नाही."

दिनानाथराव चहा टाकतो म्हणून स्वयंपाकघरात गेले. पातेलं नळाखाली धरलं, ते भरून वाहायला लागलं तरी धरूनच राहिले. सिंकमध्ये पाणी चाललंय, असं बाहेरून मनोरमाबाईंनी दोनदा ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी नळ बंद केला, तोंडावर दोन हबके मारले आणि तिघांसाठी नऊ कपांचं आधण ठेवलं.

ॲनिशा गेल्यावर त्यांनी चौथी गडबड शोधायला मदत करू का, असं विचारलं. नको, म्हणाल्या. तुम्ही केलेलं निस्तरायला मला दोन दिवस लागतील, आता नवीन काही करू नका. शिवाय टोपल्या दोन हव्यात, आणि केळं पिकलेलं आहे की कच्चं तेही दिसलं पाहिजे, कॅथरिनला विचारायला हवं रंग कोणता. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला. उजव्या हाताने ओढला, तो अर्धाच आला, तेव्हा उरलेला डाव्याने.

दुपारी दिनानाथराव दिवाणावर आडवे झाले. गेल्या नऊ आठवड्यांत ते दुपारचे झोपले नव्हते. आतल्या खोलीतून माऊसची टिचकी ऐकू येत होती. टिच. मग बराच वेळ काही नाही. त्यांचा डोळा उघडायचा. मग पुन्हा टिच, आणि डोळा मिटायचा. तिसऱ्या वेळेला मधली शांतता फारच लांबली, पण टिचकी वाजेपर्यंत जागं राहणं त्यांना जमलं नाही.